दारापेक्षा मोठा नकाशा

"बाबा, तो पडदा आज उघडायचाच. आईला ऊन हवंय, डॉक्टरांनी बजावलंय," एवढं बोलून मुलीनं फोन ठेवूनही दिला.

नकाशेवाल्यांनी पुन्हा खोलीत येरझाऱ्या सुरू केल्या. खिडकीपासून दार नऊ पावलं. मध्ये बायकोची खाट. मांडीचं हाड मोडल्यामुळे तिला मागच्या अंधाऱ्या खोलीतून काल इथं आणलं होतं.

"अहो, बसा ना जरा. तुमच्याकडे बघून मलाच चक्कर येते," ती म्हणाली.

या खोलीत अकरा नकाशे होते. सगळे याच शहराचे, सगळे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले. टपालखात्यात चौतीस वर्षं पत्रं निवडताना गल्ली न् गल्ली तोंडपाठ झाली, आणि एकदा जुन्या बाजारात त्याच गल्ल्या जुन्या कागदावर दिसल्या. तेव्हापासून स्वारी जी वेडी झाली ती झालीच. नकाशांच्या कडेला पुलांची, मनोऱ्यांची इवली चित्रं. बागा हिरव्या, वस्त्या गुलाबी, सगळं हातानं रंगवलेलं. असले रंग उन्हात उडतात. म्हणून खिडकीवर वीस वर्षं जाड पडदा. बायको दिव्याखाली शिवण शिवायची. "सवतीला ऊन लागू नये म्हणून मी अंधारात," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा दोघंही पोट धरून हसले होते. आज ते हसू त्यांना बोचत होतं.

सकाळपासून दहा नकाशे चादरींत गुंडाळून मागच्या खोलीतल्या कपाटामागे गेले. अकरावा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लाडका, जागचा हलेना. हौसेच्या भरात त्याची चौकट सुतारानं याच खोलीत ठोकली होती, आणि ती दारापेक्षा वीतभर मोठी भरली होती. "नकाशे वाचता, दार मोजता येईना!" असं तेव्हा बायको म्हणालीच होती.

शेवटी एक चादर त्याच्यावरच टाकायची ठरली. चादर खांद्यावर घेऊन त्यांनी आधी पडदा ओढला. उजेड भस्सकन आत आला. बायकोनं डोळे मिटले, मग हळूच उघडले.

"अहो, समोरचं झाड कुठे गेलं?"

त्यांनी पाहिलं. झाडाच्या जागी एक राखाडी खांब होता.

"पाडलेलं दिसतंय."

"कधी?"

गुडघ्यांमुळे ती चार वर्षं तीन मजले उतरली नव्हती. ते मात्र रोज भाजीला त्याच खांबाजवळून जात होते. त्या जागी दीडशे वर्षांपूर्वी विहीर होती, तिच्यापुढे घोड्यांची पागा होती, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. झाड कधी गेलं, ते मात्र सांगता येईना. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही गं माहीत," ते म्हणाले.

"त्या झाडावर पोपट यायचे," ती खांबाकडे बघत म्हणाली. मग म्हणाली, "बरं, मला आडवं पडून खालचं दिसत नाही. सांगा तरी, काय काय आहे आता?"

चादर खुर्चीवर टाकून ते खिडकीबाहेर वाकले. पाठीमागे ऊन मोठ्या नकाशाच्या काचेवर चढलं होतं, गुलाबी वस्त्यांपर्यंत पोचलं होतं.

"डावीकडून सांगतो हं. कोपऱ्यावर चावीवाला बसलाय. छत्री लावून."

"आणि त्याच्या पलीकडे?"

त्यांनी मान आणखी बाहेर काढली.