फरशीची जाडी

भिंतीवरची ती निळी रेघ, भुकटी लावलेला दोरा ताणून टिचकीने उमटवलेली, कमरेच्या जरा वरून सगळ्या खोल्यांतून एकसारखी फिरलेली... आणि रेघेखाली सुताराच्या अक्षरात : एक मीटर. तिने सहज टेप लावला. खालच्या काँक्रीटपर्यंत एक मीटर सात सेंटीमीटर भरलं. पुन्हा लावला. तेवढंच.

रेघ बरोबर होती. ती मोजलेली होती अजून न घातलेल्या जमिनीपासून — मसाला आणि फरशी मिळून जी सात सेंटीमीटर वर येणार होती, तिच्यापासून. आणि जिना — परदेशातल्या या पहिल्या नोकरीतलं तिच्या एकटीचं पहिलं काम — तिने ड्रॉइंगवर काढला होता उघड्या काँक्रीटपासून. म्हणजे पहिली पायरी सात सेंटीमीटरने बुटकी. घरातला माणूस रोज तिथेच अडखळणार. आणि शुक्रवारी तर ठरायचं होतं, हिला कायम करायचं की परत धाडायचं.

"आज कापू का?" सुताराने विचारलं. पांढरे केस, कानावर पेन्सिल, लाकडी घोड्यांवर मांडलेल्या जिन्याच्या जाड फळ्या. सोमवारपासून तो रोज हेच विचारी आणि वर म्हणे, "एकदा मोजून घ्या, बाई." ती म्हणे, "मोजलंय मी." मग तो पटाशीला धार लावत बसे, फळ्या पुसे, आणि ती मनात म्हणे, काय चालढकल्या माणूस आहे हा!

"नका कापू," ती म्हणाली. "फरशी धरायची राहिली माझी."

त्याने मान हलवली. आश्चर्य नाही, काही नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सोमवारीच."

"मग ऑफिसात फोन नाही केलात?"

"केला असता तर तिथे कुणीतरी दुरुस्त केलं असतं. जिना तुमचा ना?"

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, हिचे सुताराने टोचले, आणि तेही चार दिवस वाट बघून, दुखू न देता. काय माणूस आहे! तिला त्याचे पाय धरावेसे वाटले. तिने तिथूनच ऑफिसच्या मोठ्या बाईंना फोन केला, माझी चूक आहे म्हणाली. पलीकडून, "नवं ड्रॉइंग किती वाजता देतेस?" बस, एवढंच. शुक्रवारबद्दल एक अक्षर नाही.

ती फळ्यांपाशी टेकली. फरशी विसरली... आणि कोण, तर फरशीवाल्याची पोर. दिव्याखाली अंधार म्हणायचं ते आणखी कशाला! बाबा आयुष्यभर फरश्या बसवत आले. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होते मी, वर्ग एका बांधकामावर नेला होता, तिथे नेमके बाबा, उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत सिमेंट — आणि त्यांनी आमच्या सरांना विचारलं, "साहेब, जिन्याला फरशीची जाडी धरलीय ना?" सर हसले. वर्ग हसला. मी... मीही हसले. ओळख दिली नाही. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनीही दिली नाही. खाली मान घालून पुढची फरशी ठोकत राहिले. घरी आल्यावर फक्त, "जेवलीस का गं?"

इतकी वर्षं तिला वाटत होतं, तिचं हसणं त्यांच्या लक्षातच आलं नसेल. आज सुताराकडे बघताना तसं वाटेना.

सुतार रंधा मारत होता, घाई नसलेल्या हातांनी, आणि ते हात बघताना शुक्रवारची भीती कुठे गेली कळलं नाही. मोठी माणसं बघायला ती एवढ्या लांब आली होती. तिने फोन हातात घेतला. बाबा, माझी फरशीची जाडी राहिली — हे सांगता येईल, ते खदखदून हसतील, साऱ्या गल्लीला सांगतील. पण त्यानंतर... त्या दिवशी मी तुमच्याकडे बघून हसले होते, हे कुठल्या तोंडाने सांगू?