हिरवा पट्टा

चिकलठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या कडेला हिरवा रंग फासला गेला आणि शहर पर्यावरणस्नेही झाले. महापालिकेचा अभियंता अभय याने आराखड्यात सायकलमार्ग आणि रस्ता यांच्यामध्ये गुडघाभर कठडा काढला होता, त्याला लागून कडुनिंबांची रांग. कठड्यामुळे गाड्या लावायला अडचण होते, म्हणून त्याच्या वरच्या साहेबांनी तो वगळला. झाडे पुढच्या टप्प्यात ढकलली. उरला तो रंग. सुधारित आराखड्यावर सही मात्र अभयनेच केली होती.

उद्घाटनाला शाळकरी मुलींची सायकलफेरी ठेवली होती. रहदारी थांबवण्याची गरज कोणालाच भासली नाही. मार्ग सुरक्षित असल्याचे निमंत्रणपत्रिकेत छापलेच होते. मंडपापर्यंत मोटारीने आलेले साहेब माईकवरून सायकल चालवण्याचे फायदे सांगत होते, आणि त्यांच्या पाठीमागून टेम्पो, ट्रक पट्ट्याला चाटून जात होते. प्रत्येक हॉर्नसरशी अभय मुलींच्या रांगेकडे पाहत होता. रांगेत त्याची लेक मोनिका होती.

तो तिच्याजवळ गेला. "उतर खाली."

"का बाबा? तुम्हीच केलाय ना रस्ता?"

"उतर म्हणलं ना!"

त्याने सायकल बाजूला ओढली. शेजारी लेकीजवळ उभ्या असलेल्या शीलाताईंनी ते पाहिले.

"व्हय हो सर, तुमची तेवढी लाडाची, अन् आमच्या काय वाटंवर पडल्यात?"

अभय हिरव्या पट्ट्याकडे पाहू लागला.

"बोला की! काय हाय तिथं?"

"काहीच नाही, ताई. तेच तर. ट्रक आत घुसला तर अडवायला काहीच नाही."

 शीलाताईंनी लेकीच्या सायकलचे कॅरियर गच्च धरले. "अगं बायांनो, धरा आपापल्या पोरी!"

टाळ्या वाजल्या, झेंडा खाली आला. मागून आयांनी धरलेल्या सायकली जागच्या हलल्या नाहीत. निघाली एकटी शालू. तिची आई कारखान्यात सकाळपाळीला होती. तिचे कॅरियर धरायला कोणी आले नव्हते. आपण सगळ्यांच्या पुढे, या आनंदात ती उभी राहून पायडल मारू लागली.

सिमेंटचा एक ट्रक टेम्पोला वाट देत डावीकडे सरकत होता.

अभय धावला. हाक त्याने ओठांवरच दाबली. हाक ऐकली की पोर मागे वळून पाहणार, आणि वळली की हँडलही वळणार, उजवीकडे. तोंड मिटून, ट्रक आणि पट्टा यांच्यामधून, जिथे कठडा असायला हवा होता तिथून, तो नुसता धावत राहिला.