ट्यूबच्या पट्टीची एन्ट्रॉपी

डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी जिनपाल सरांना महिनाभर वाचायची बंदी घातली. चाळीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस आठ दिवसांत चिडचिडा झाला. शेवटी त्यांच्या पत्नीनं, पद्मावतीबाईंनी, विचारलं, "ती तुमची एन्ट्रॉपी म्हंजे काय वो? लगीन झाल्यापास्नं ऐकतोय मी."

सर उठूनच बसले. "रेणू किती तऱ्हांनी मांडता येतात, त्याचा हिशोब. पण तो दाखवणारं यंत्र कुठं मिळत नाही."

"मग कळतं कसं?"

"मोजता येतं त्यातून काढायचं. ऊर्जेतून तापमान गुणिले एन्ट्रॉपी वजा केली की उरते ती मुक्त ऊर्जा. तिच्यातून एक नातं निघतं. ताणलेलं रबर तापवायचं, लांबी मात्र तेवढीच ठेवायची. ओढ वाढली, तर ताणल्यावर एन्ट्रॉपी घटते. किती घटते, तेही त्या वाढीवरूनच कळतं."

"करून बघू की. आकडे मी वाचतो."

सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली. खालचं टोक उंच डब्याच्या तळाशी ठेवलेल्या पाच किलोच्या वजनाला, वरचं दोरीनं झोपाळ्याच्या कडीला लटकवलेल्या डिजिटल काट्याला. बाई डब्यात गरम पाणी ओतत थर्मामीटर आणि काटा बघायच्या आणि सांगायच्या. तीस अंशाला एक किलो. चाळीसला एक किलो तीस ग्रॅम. पन्नासला नऊशे चाळीस.

"चुकीचं वाचलंस," सर म्हणाले.

"काटा दावतोय त्येच सांगतोय मी!"

"अगं, कमी कसं होईल?"

बाईंना राग आला. चष्मा पुसून त्यांनी कडीपासून खालपर्यंत सगळं न्याहाळलं. दोरीची गाठ बोटभर सरकली होती. "तुमची गाठ ढिली. लांबी तेवढी ऱ्हायलीच न्हाय."

सरांनी हात वर करून गाठ चाचपली. मग हसत म्हणाले, "खरं आहे. चुकलं माझं."

नवी गाठ बाईंनी मारली. पाणी बदलून पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी आकडे चढतच गेले. साठ अंशाला एक किलो शंभर ग्रॅम. तीस अंशांत शंभर ग्रॅम वाढ. त्यावरून दर सेंटिमीटर ताणाला एन्ट्रॉपी किती घटते, ते सरांनी डोळे मिटून तोंडी काढलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

"खाली नावं घाल."

बाईंनी आधी स्वतःचं घातलं, मग त्यांचं. सरांनी ती ओळ मोठ्यानं वाचायला लावली, दोनदा.