दोघींच्या हातचं कापड

देश तसा वेश म्हणतात. इथे देश वेल्सचा, वेश रोमन सैनिकाचा आणि विणणारी सांगलीची लीलावती, असा सगळा आनंद होता.

नवरा गेल्यावर मुलगा अनुप तिला कार्डिफला घेऊन आला. तो आणि सून दिवसभर ऑफिसात. घरात आवाज म्हणजे केटलचा. मग कम्युनिटी हॉलमध्ये माग लागलाय असं कळलं आणि ती उठून गेली. रिकामी बसेल ती लीलावती कसली! इतिहासाच्या एका क्लबची हौशी मंडळी रोमन सैनिकांचे कपडे जुन्या रीतीनं बनवत होती. हातानं कातलेली लोकर, उभा माग. अंगरख्याचं कापड एवढं रुंद, की मागासमोर दोघींनी उभं राहायचं आणि मध्यावर धागा एकीनं दुसरीच्या हातात द्यायचा.

डावीकडे ग्वेन असायची. सत्तरीची, एकटी. ती वेल्शमध्ये बोलायची, लीलावती मराठीत, आणि दोघींचं झकास चालायचं. ग्वेन धागा ठोकून बसवायची फणी अशी दणकून मारायची, की जणू मागानं तिचं घोडं मारलंय. लीलावतीचा हात हलका. त्यामुळे कापड तिकडे घट्ट, इकडे सैल. दोन्हीकडे उंची सारखी राहावी म्हणून ग्वेनच्या बाजूला धागे जास्तीचे घालावे लागायचे. "अगं बाई, जरा हळू," लीलावती म्हणायची. ग्वेन हसून आणखी जोरात मारायची.

दोन हजार सहाच्या मार्चमध्ये ग्वेन घरात पडली. मुलीनं तिला बर्मिंगहॅमला नेलं, कायमचं. "फोन लावून देऊ का?" अनुपनं विचारलं. पण मागाशिवाय बोलणार काय, आणि कुठल्या भाषेत?

लीलावती एकटीच दोन्ही बाजू विणू लागली. मध्यावर आली की सवयीनं हात पुढे जायचा आणि धागा घ्यायला कुणी नसायचं.

एका शनिवारी अनुप न्यायला आला, तेव्हा क्लबचे प्रमुख कापडावर हात फिरवत काहीतरी सांगत होते. खूश दिसत होते.

"आई, ते म्हणतायत, आता वीण कशी एकसारखी झालीय."

तिनं पाहिलं. खरंच होतं. जुन्या भागात दोघी होत्या, नव्यात ती एकटी.

प्रमुख गेल्यावर तिनं आजचे धागे सोडवले. डावीकडे जाऊन उभी राहिली आणि फणी दणकून मारली.

"आई, चल ना. पार्किंगची वेळ संपतेय."

"थांब रे," ती म्हणाली. "ग्वेनची बाजू राहिलीय."