मापसाहेबांची गाडी काट्यावर

वजनमाप खात्यात चौतीस वर्षं काढून आमचे हे निवृत्त झाले आणि तिसऱ्या महिन्यात दारात मोटारहोम येऊन उभी राहिली. म्हणजे चाकांवरचं घर. दोन पलंग, एक शेगडी, कपाटाएवढं न्हाणीघर आणि बाहेर ओढायचा चांदवा. बाजारात यांना मापसाहेब म्हणत. यांची जीप वळली की दुकानदार तराजूची पारडी पुसायला लागत. ‘मापात पाप करणाऱ्याला मी कधी सोडलं नाही’ हे वाक्य मी लग्नापासून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत कुणी विचारलं तरी म्हणून दाखवीन.

मी गाडीला हो म्हटलं ते अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. मालधक्क्यावर चाळीस वर्षं हमाली केलेला माणूस. आता एक्याऐंशी वय, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, तासभरापेक्षा जास्त एका जागी बसवत नाही. त्यांचे थोरले भाऊ सहाशे किलोमीटरवर अंथरुणाला खिळलेले. रोज फोनवर एकच प्रश्न, ‘धाकटा कधी येतोय?’ डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, यायचं असेल तर लवकर या. बसनं अप्पांना नेणं जमण्यासारखं नव्हतं. वाटेत थांबून पाठ टेकायची सोय असलेली हीच एक गाडी होती.

सामान भरायला घेतलं तसं यांनी स्वयंपाकघरातला काटा ओट्यावर मांडला आणि समोर खुर्ची टाकून बसले. एकेक वस्तू हजर करायची. माझा लोखंडी तवा, पावणेदोन किलो, नापास. माझं निम्मं वाचून झालेलं पुस्तक, चारशे ग्रॅम, ‘उरलेलं आल्यावर वाच’. अप्पांची दुसरी रजई, नऊशे ग्रॅम.

“अप्पांना थंडी वाजते हो.”

“एक आहे ना? गाडीला भार सहन करायची मर्यादा असते. भावनेनं चालत नाही.”

सगळ्याची वहीत नोंद झाली. बेरीज दोनशे चाळीस किलो. मग यांनी मला समजावलं. भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन साडेतीन हजार किलो. रिकामी गाडी दोन हजार नऊशे पन्नास. म्हणजे वर साडेपाचशे टाकायला मोकळीक, त्यातले दोनशे चाळीस गेले, उरले तीनशेवर. बिनघोर!

“आणि आपण तिघं? टाकीतलं पाणी? चांदवा, दुसरी बॅटरी, टपावरचे सोलर, हे सगळं तर तुम्ही मागून बसवून घेतलंत. ते कशात धरलं?”

“अगं, ते किरकोळ.”

“मग एकदा काट्यावर घालून बघू ना.”

यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी आचाऱ्याला चहा करायला शिकवत होते. “चौतीस वर्षं लोकांचे काटे तपासलेत मी. माझी नजर हाच काटा.”

लोका सांगे ब्रह्मज्ञान! पण निघायच्या दिवशी भांडण नको म्हणून मी काट्याचा हट्ट सोडला. ते माझं चुकलंच.

शहर सोडून चाळीसेक किलोमीटर गेलो असू. समोरून मोठी बस गेली आणि आमच्या गाडीनं मागचा भाग असा हलवला की शेल्फातले कप खणखणले. वळणावर यांना स्टिअरिंग दोनदा सावरावं लागलं.

“ताई,” अप्पा आमच्या सीटमागच्या बाकावरून म्हणाले, “मागं ओझं जास्त झालंय. पुढची चाकं नीट टेकत नाहीत.”

“अप्पा, ही हातगाडी नाही,” हे आरशातून म्हणाले.

“ओझ्याला काय कळतंय, जावईबापू, खाली काय आहे ते?”

पुढच्या वळणाला गाडी पांढरी रेघ ओलांडून पलीकडे गेली. समोरचा टेम्पोवाला शिव्या घालत निसटला. रागारागानं मी सांगितलं की आता काटा दिसेपर्यंत गाडी वीसच्या वर न्यायची नाही, नाहीतर मी इथंच उतरून ओरडत बसेन. हे लोकलज्जेला फार भितात.

काटा सापडला तो खडीच्या खाणीजवळ. जमिनीत बसवलेलं लांबलचक लोखंडी फळकूट, त्यावर ट्रक चढायचा, शेजारी पत्र्याची खोली आणि खोलीवर लाल आकड्यांची पाटी. आत चष्मा डोक्यावर चढवलेली काटेवाली बसली होती. चाळिशीची बाई, आवाज ट्रकच्या इंजिनावरून जाईल असा.

“तिघंही आतच बसा,” ती म्हणाली. “आधी पुढची चाकं घ्या, मग पुढं जाऊन फक्त मागची.”

पुढची चाकं, एक हजार चारशे नव्वद. मागची, दोन हजार एकशे नव्वद. तिनं गाडीच्या दाराच्या आत ठोकलेली कंपनीची पट्टी वाचली. पुढच्या चाकांच्या आसाला साडेअठराशेची परवानगी, मागच्याला दोन हजार, सगळी मिळून साडेतीन हजार.

“साहेब, एकूण एकशे ऐंशी किलो जास्त. आणि मागचा आस एकशे नव्वदनं जास्त. असं गेलात तर मागचा टायर फुटेल, नाहीतर ब्रेक दाबाल तेव्हा पुढची चाकं ऐकायची नाहीत.”

“सामान फक्त दोनशे चाळीस आहे. वही आहे माझ्याकडे.”

“वहीत तुम्ही आहात का?” तिनं खिडकीतून यांच्या पोटाकडे पाहिलं. “माणसं, पाणी, गॅस, नंतर लावलेल्या वस्तू, सगळं त्या साडेपाचशेतच बसवायचं असतं.”

मागे खडीचे चार ट्रक खोळंबले होते. ड्रायव्हर उतरून तमाशा बघायला आले. आम्ही बाजूला होऊन शंभर लिटरची टाकी रिकामी केली आणि पुन्हा मागची चाकं काट्यावर घेतली. दोन हजार एकशे तीस. अजून एकशे तीस जास्तच.

हे स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. मग आरशात अप्पांकडे पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झालीत. यांच्या डोक्यात काय शिजतंय ते मला वासावरून कळतं.

“मी काय म्हणतो,” हे हळू आवाजात म्हणाले, “अप्पांना इथून परत जायला गाडी मिळेल. आपण पुढं जाऊ, काकांना भेटू, फोनवर दोघांचं बोलणं करून देऊ. व्हिडिओ कॉल. समोर बसल्यासारखंच असतं.”

ज्यांच्यासाठी निघालो त्यांनाच उतरवायचं! मी तोंड उघडेपर्यंत अप्पा दाराशी पोचलेही होते. कुणाला अडचण नको, हा त्यांचा जन्माचा स्वभाव. काठी आधी खाली, मग चांगला पाय, मग दुसरा. खाली उतरून ते पाटीकडे मान वर करून उभे राहिले. आकडा एकवीसशेवर आला.

“किती?” अप्पांनी विचारलं. त्यांना आकडे लांबून दिसत नाहीत.

“तीस किलो कमी झाले, आजोबा,” काटेवाली म्हणाली. “तुम्ही दोन्ही आसांच्या मध्ये बसला होतात, तुमचं निम्मं वजन पुढच्या चाकांवर होतं. तुम्ही उतरून काही होत नाही. जे काही आहे ते मागच्या चाकांच्याही मागं आहे. बाकाच्या टोकाला जाडा माणूस बसला की दुसरं टोक उचलतं ना, तसं. मागच्या कप्प्यात काय आहे?”

“चांदव्याच्या काठ्या,” हे चटकन म्हणाले आणि गाडीतून उतरले. “मुळात तुमचा काटाच चुकीचा आहे. मी वजनमाप खात्याचा निवृत्त अधिकारी. पडताळणीचं प्रमाणपत्र दाखवा.”

काटेवालीनं भिंतीवरची चौकट काढून यांच्या हातात दिली. यांनी चष्मा लावला. वरपासून वाचत खाली आले आणि थांबले. मी खांद्यावरून डोकावले. सही यांचीच होती. ती शेपटी काढलेली, मी बँकेच्या कागदांवर पाहते तीच.

“मागच्या वर्षी आपणच आला होतात, साहेब,” ती म्हणाली. “आत्ता ओळखलं.”

ड्रायव्हरांत खसखस पिकली. आता दुसरा कुणी असता तर सही आपली म्हणून काटा बरोबर म्हणाला असता आणि अब्रू वाचवली असती. आमच्या ह्यांनी तोंड उघडलं.

“त्या दिवशी घाई होती. मी प्रत्यक्ष वजनं ठेवून बघितलं नव्हतं.”

म्हणजे काटा खोटा ठरावा म्हणून स्वतःला खोटं ठरवलं! चौतीस वर्षांचं ब्रह्मज्ञान खडीच्या धुळीत, चार ट्रकवाल्यांच्या साक्षीनं. मला यांची कीव यायला हवी होती. खरं सांगते, नाही आली.

“मग आत्ता बघा की,” एक ड्रायव्हर म्हणाला. “आणा वजनं.”

“आणतोच!” हे तरातरा गाडीच्या मागे गेले, कप्प्याचं कुलूप उघडलं, चांदव्याच्या काठ्या आणि ताडपत्री बाजूला फेकली. आणि एकेक करून बाहेर आली ती खात्यानं मोडीत काढलेली लोखंडी वजनं. वीस-वीस किलोंची सहा. काळी, कडी असलेली, तेल लावून पुसलेली. गाडी घेऊन गावोगाव ग्राहकजागृतीची भाषणं करायची, असा बेत होता म्हणे. मला पत्ताच नव्हता.

“एकशे वीस किलो,” मी म्हणाले. “आणि रजई नऊशे ग्रॅम.”

यांनी ऐकलं नाही. गाडी काट्यावरून खाली घेतली, पाटी शून्यावर आणली, ड्रायव्हरांनी हात लावून सहाही वजनं फळकुटावर मांडली. हे कमरेवर हात ठेवून पाटीकडे बघत उभे. एकशे वीस. मग यांनी ती दुसऱ्या टोकाला ठेवायला लावली. एकशे वीस. मधोमध ठेवली. एकशे वीसच.

अप्पा काठी टेकत जवळ आले. एका वजनाची कडी बोटानं जराशी उचलून सोडली. “वीसचंच आहे. बरोबर आहे जावईबापूंचं.”

काटेवालीनं आम्हाला पुन्हा चढवलं, फक्त या खेपेला अप्पांसकट आणि वजनांविना. पुढची चाकं चौदाशे नव्वद, मागची एकोणीसशे सत्तर. एकूण तीन हजार चारशे साठ. वीसच्या सहा वजनांनी मागचे एकशे साठ खाल्ले होते आणि पुढचे चाळीस उचलून धरले होते.

यांच्या तोंडावर रंग परत आला. “म्हणजे चाळीस शिल्लक आहेत. एक वजन सहज घेता येईल. मी हिशेब केलाय.”

हिशेब बरोबर होता. दिवसभरातला पहिला.

“त्या चाळीसात थोडं पाणी भरणार आहे मी,” मी सांगितलं. “आणि पुढच्या गावात रजई विकत घेणार आहे. वजनं इथं राहतील. त्यांच्याजवळ बसायचं असेल तर बसा, गाडी मला चालवता येते.”

यांनी ड्रायव्हरांकडे पाहिलं, वजनांकडे पाहिलं. काटेवालीनं पावती फाडली: लोखंडी वजनं सहा, एकशे वीस किलो, तपासून बरोबर. सही करा म्हणाली. यांनी केली. या वेळी बघून.

पाणी भरेपर्यंत अप्पा पाय मोकळे करायला पुन्हा उतरले होते. निघताना हे न सांगता त्यांच्यापाशी गेले, दार उघडलं आणि अप्पांचं मनगट धरून वर ओढायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हात लावला होता, जमणार कसं? अप्पा पायरीवर अर्धवट लटकले, पण रागावले नाहीत. धक्क्यावर नव्या पोरांना शिकवत असतील त्याच सुरात म्हणाले,

“जावईबापू, माणसाला काखेत धरून चढवायचं. असं ओढून चढवतात ते पोतं.”

यांनी मनगट सोडलं आणि काखेत हात घातला.