लोविसाच्या केसांची साखळी

आमचं वोमहूस गाव सोडून चौथा महिना चालला होता. पायांचे फोड जाऊन घट्टे पडले होते, तरी गोलिनमावशीचं आपलं एकच, "अजून दोन गावं, मारित, मग घर." आमच्या गावच्या बायका अशाच फिरतात, लोकांच्या केसांचे दागिने विणून देतात. सतराव्या वर्षापासून मी हेच करतेय. आता डोळे दुखतात.

गोथेनबर्गला सेवेरिन नावाचा खलाशी केसांची पुडी घेऊन आला. तो समुद्रावर असताना त्याची मुलगी लोविसा तापाने गेली होती. "घड्याळाला साखळी हवी," एवढंच बोलला.

केस उकळून मी ते सारखे करायला बसले, तर बोटांना दोन जाती लागल्या. थोडे मऊ, पोरीचे. बाकीचे जाड, राठ.

"मावशी, हे एकीचे नाहीत."

"मग? आपण काय पंचनामा करायचाय? गप वीण. माझी पाठ मोडलीय."

मला राहवेना. त्याच्या घरी गेले. त्याची बायको हेडविग मासे साफ करत होती. मी विचारल्यावर तिचे हात थांबले.

"तापात डॉक्टरांनी तिचे केस कापून जाळायला लावले. एवढीशी वेणी लपवली मी. ती साखळीला कुठून पुरणार? त्यांना नका सांगू, बाई." बोलता बोलता तिने डोक्यावरची टोपी कानांवर ओढली.

तीन दिवस विणत होते. दोन्ही केस शक्य तितके मिसळले, पण उजेडात रंगातला फरक दिसायचाच.

न्यायला दोघं आली. सेवेरिनने साखळी खिडकीशी धरली. "सोनेरी ती लोविसाची. आणि ही तपकिरी?"

"धुतल्यावर रंग बदलतो कधी कधी," मावशी घाईने म्हणाली.

"माझे आहेत," हेडविग म्हणाली. "तिचे पुरत नव्हते."

त्याने हळूच तिची टोपी मागे सारली. केस मानेपर्यंतही नव्हते.

"सांगायचंस तरी मला."

"काय सांगू? तुम्ही साखळी मागितलीत, केस पुरत नाहीत कसं म्हणू?"

तो आमच्या पेटीवर बसला. मग साखळी आणि घड्याळ तिच्या हातात देत म्हणाला, "तूच लाव. माझी बोटं चालत नाहीत."

तिलाही ती दुसऱ्या खेपेलाच लावता आली.

दोघं गेल्यावर मावशी म्हणाली, "आज काम बंद. झोपू या." मी हो म्हणून मेज आवरायला घेतलं, तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात केसांची पुडी होती. मी तिला बसायला सांगितलं.