तृप्त म्हटल्यानंतर

पितृपंधरवडा लागला की अनसूयाबाईंच्या घरी एका माणसापुरताच स्वयंपाक लागायचा. त्यांचे पती यज्ञेश्वर गुरुजी रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी श्राद्धाला जेवायचे. तरीही अनसूयाबाई आशेनं त्यांच्यासाठी दुधीची भाजी नि ज्वारीची भाकरी करून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी ती शिळी भाकरी स्वतःच कुस्करून खायच्या.

त्या वर्षी पंधरवड्यातल्या एका सकाळी गुरुजी सोवळं नेसून बाहेर आले, तेव्हा कार्तिक चौकातल्या त्यांच्या बोळाच्या तोंडाशी यजमानाची मोटार हॉर्न वाजवत होती.

"रात्री घरी जेवाल ना?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"आज दोन ठिकाणी आहे. रात्री काय भूक लागणार?"

"एका दिवशी दुसरं श्राद्धान्न घेऊ नये, हे तुम्हीच लोकांना सांगता."

"अगं, ब्राह्मण मिळतात कुठे आता? पोरं सगळी बँकेत गेली. लोक हात जोडून उभे राहतात, नाही कसं म्हणू?" गुरुजींनी खांद्यावर उपरणं टाकलं. उंबरा ओलांडताना त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं. हल्ली एवढ्यानंही त्यांना धाप लागायची.

अनसूयाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हाच माणूस गावाबाहेर भैरवगढच्या सिद्धवटावर पायी जायचा, पिंडदानं सांगायचा आणि पायीच परत यायचा. तेव्हा श्राद्धाचं जेवण म्हणजे वरणभात, खीर, वडे, आमटी. यजमान कारकून किंवा शाळामास्तर; त्यांच्या घरी आग्रहाला जोर असला तरी पातेल्याला तळ असायचा. पण गेल्या काही वर्षांत गाव पालटलं. कुणी टीव्हीची एजन्सी घेतली, कुणी जमिनीचे सौदे केले. पंगती हॉलमध्ये गेल्या, रबडी हलवायाकडून घागरींनी येऊ लागली आणि गुरुजींना न्यायला दाराशी गाडी. पाय चालायचे थांबले, ताट मात्र मोठं होत गेलं. लोक म्हणायचे, "गुरुजींच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय." बारीक अंगाच्या भिक्षुकाला कुणी बोलवीना. पोट हेच गुरुजींचं प्रमाणपत्र होऊन बसलं.

उन्हाळ्यात शर्वरी नावाची तरुण डॉक्टर बोळात आरोग्याची पाहणी करायला आली होती. ती वजन, उंची घेई, काय खाता, किती चालता ते विचारी आणि कमरेभोवती टेपही लावी. बोळातल्या पुरुषांना त्याची मोठी गंमत वाटली. गुरुजींनी दोन्ही हात वर करून हसत हसत टेप लावू दिली. रक्त तपासलं तर साखर भलतीच वाढलेली, रक्तदाबही.

"काकू, गोळ्या मी देते," शर्वरी अनसूयाबाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "पण गोळ्यांनी निम्मंच काम होईल. यांचं चालणं वाढलं पाहिजे आणि गोड बंद झालं पाहिजे."

"घरात गोड नसतंच हो. बाहेरचे वाढतात त्याला मी काय करू?"

शर्वरीनं गोळ्यांची पाकिटं त्यांच्या हातात ठेवली. तिचीही वेगळीच कटकट चालली होती. पाहणी कुपोषणाची होती. तिनं जाड माणसांचीही नोंद करायला घेतली, तेव्हा वरिष्ठांनी तिला ऐकवलं होतं, "मॅडम, देशात लोक उपाशी मरताहेत आणि तुम्ही सुखवस्तू पोटं मोजताय?" ती म्हणाली होती, "सर, मरतात तेही." तिच्या त्या नोंदी कुणी पुढे पाठवल्याच नाहीत.

अविधवा नवमीला विनायकरावांकडे जेवण होतं. विनायकरावांचे पूर्वज सरदारांच्या दप्तरात होते; स्वतः विनायकरावांनी माधव नगरात टीव्ही-फ्रिजचं मोठं दुकान काढलं होतं. त्यांची आई अहेवपणी गेलेली, म्हणून सवाष्ण म्हणून अनसूयाबाईंनाही बोलावणं होतं. बायकांची पानं माजघरात नि ब्राह्मणांची बाहेरच्या दालनात. मधल्या दारातून अनसूयाबाईंना नवऱ्याची पाठ तेवढी दिसत होती. गुरुजींची मान घामानं निथळत होती.

जेवण होत आलं. रिवाजाप्रमाणे विनायकरावांनी हात जोडून विचारलं, "तृप्त झालात?"

"तृप्ताः स्मः," गुरुजी म्हणाले.

खरं तर श्राद्धाचं जेवण तिथेच संपतं. पण तिथे खेळाला आता कुठे सुरुवात होत होती. विनायकरावांचा भाऊ विलास रबडीची बादली घेऊन पुढे आला. "गुरुजी, हा आमच्या आईच्या नावानं."

"पुरे हो," गुरुजी हसत म्हणाले.

"आईच्या नावाला पुरे म्हणता?" द्रोण भरला. मग विनायकरावांच्या नावाचा. मग दुकानाच्या नावाचा. दालनातले तरुण भोवती गोळा झाले. कोण म्हणे आणखी दोन, कोण म्हणे चार. कुणीतरी टाळी दिली. "चलो गुरुजी, हो जाए."

अनसूयाबाईंनी हातातला घास पानात ठेवला. पंगतीतून मध्येच उठणं म्हणजे अपशकुन, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या उठल्या, उष्ट्या हातानिशी दार ओलांडून पुरुषांच्या पंगतीत गेल्या आणि डावा हात त्यांनी नवऱ्याच्या द्रोणावर आडवा धरला.

विलासनं बादली खाली ठेवली.

"विनायकराव," त्या म्हणाल्या.  "तुम्ही विचारलंत, यांनी तृप्त म्हणून सांगितलं. तुमच्या आईंना जे पोचायचं ते पोचलं. आता हे जे वाढताय, ते कुणाच्या तृप्तीसाठी?"

विनायकराव गोंधळले. "काकू, प्रेमानं वाढतोय आम्ही. परके का आहोत?"

"यांना मधुमेह आहे. तुम्हाला सांगितलंय मी, दोनदा."

"एक दिवसानं काय फरक पडतो?" विलास म्हणाला आणि गुरुजींकडे वळून त्यानं डोळे मिचकावले. "काय गुरुजी, हायकमांडची परवानगी नाही वाटतं?"

हशा पिकला. त्या हशानं जे केलं ते चार बादल्या रबडीनं झालं नसतं. गुरुजींचा चेहरा लाल झाला. त्यांनी बायकोचा हात मनगटाला धरून बाजूला केला आणि म्हणाले, "वाढा."

विनायकरावांच्या गाडीनं दोघांना बोळाच्या तोंडाशी सोडलं. संध्याकाळी गुरुजी झोपाळ्यावर बसले होते. "माझ्या पानावर हात आडवा घातलास, चार लोकांत," ते म्हणाले. अनसूयाबाई काही बोलणार तोच त्यांच्या लक्षात आलं की गुरुजींचे पुढचे शब्द नीट उमटत नाहीत. उजवा हात मांडीवरून घसरला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

सरकारी दवाखान्यात शर्वरी धावत आली. गुरुजी वाचले, पण उजवी बाजू लुळी पडली आणि वाणी गेली. ज्या माणसाचं पोट मंत्रांवर चालायचं, त्याच्या तोंडून नुसता घोगरा स्वर निघायचा.

घरी आणल्यावर जे सुरू झालं, त्याची कल्पना अनसूयाबाईंनीही केली नव्हती. लोक भेटायला येऊ लागले. ते प्रेमानंच येत, गुरुजींना पाहून डोळ्यांत पाणी आणत आणि येताना डबा घेऊन येत. कुणी खव्याची मावाबाटी, कुणी मूगडाळीचा शिरा, कुणी महाकालाचा प्रसाद म्हणून लाडू. "अशक्तपणा आलाय, ताकद नको का यायला?" गुरुजी पलंगावरून डब्याकडे टक लावून पाहायचे. अनसूयाबाई डबे परत करायच्या, रोज. हात जोडून, समजावून, शेवटी शेवटी नुसतं दार अडवून.

बोळात बोलणं सुरू झालं. नवऱ्याच्या तोंडचा घास काढते. भर पंगतीत अपशकुन केला, त्याचं फळ. विनायकराव रबडीची बरणी घेऊन आले आणि खरोखर रडले. "काकू, माझ्या मनाला लागून राहिलंय. एवढं तरी घ्या."

"बरणी घेऊन जा," अनसूयाबाई म्हणाल्या. "खरंच काही करायचं असेल तर रोज सकाळी अर्धा तास या. यांना धरून चालवायचं आहे. डॉक्टरनी सांगितलंय. मला एकटीला ते पेलत नाहीत."

"येतो की. उद्यापासून येतो."

विनायकराव आले नाहीत. आठवड्यानं त्यांनी फळांची करंडी पाठवली.

शेवटी अनसूयाबाईंनी एकटीनंच सुरुवात केली. नवऱ्याचा लुळा हात स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा, त्यांच्या डाव्या हातात काठी द्यायची आणि भिंतीच्या कडेनं एकेक पाऊल. पहिल्यांदा दारापर्यंतच. दिवाळीनंतर बोळात. कमरेत उसण भरायची, घाम डोळ्यांत जायचा. कधी गुरुजी हट्टानं पाय उचलत नसत, तेव्हा अनसूयाबाईंना रस्त्यातच रडू यायचं. "चला ना हो," त्या म्हणायच्या. एकदा शर्वरी येऊन दुसरी बाजू धरून गेली. पण तिची बदली झाली होती.

एका सकाळी दोघं शेजारच्या ओट्यापाशी पोचले. ओट्यावर सुलूवहिनी उभ्या होत्या. नातवाचं बारसं झालं होतं, हातात पेढ्यांची ताटली होती.

"अहो, आजारी माणसाला कशाला दामटता? दया नाही येत?" त्या म्हणाल्या आणि अनसूयाबाईंना ओलांडून पेढा थेट गुरुजींच्या ओठांशी नेला. "घ्या गुरुजी. बारशाचा आहे, नाही म्हणू नका."

गुरुजी पेढ्याकडे बघत राहिले. अनसूयाबाईंनी काही केलं नाही. त्यांचे दोन्ही हात नवऱ्याला सावरण्यात गुंतले होते. मग गुरुजींनी काठी भिंतीला टेकवली. डावा हात हळूहळू वर आला आणि त्यांनी पेढा दूर लोटला. तोंडातून शब्द निघाला, वाकडा, जडशीळ, पण शब्दच.

"नको."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी वाढणाऱ्याला असं सांगितलं असेल. 

सुलूवहिनींनी पेढा ताटलीत परत ठेवला आणि पलीकडच्या शेजारणीकडे वळून हळहळल्या, "पाहिलंत? काय धाक घातलाय बाईनं. धड एकच शब्द बोलता येतो बिचाऱ्याला, आणि तोही हिनं शिकवलेला."

अनसूयाबाईंनी खांद्यावरचा हात नीट घेतला. "चला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. काठी पुन्हा पुढे पडली. पुढच्या घराच्या ओट्यावर कुणीतरी वाटी घेऊन वाटच बघत होतं.